स्प्लाइन शाफ्ट खोलताना: पुलर लावण्याआधी आणि लावल्यावर

स्प्लाइन म्हणजे शाफ्टवर लांबीच्या दिशेनं कापलेले दात; ते हबच्या, म्हणजे शाफ्टवर चढणाऱ्या भागाच्या, आतल्या खोबणीत बसून टॉर्क (फिरवणारा जोर) पोचवतात. असा जोड बहुधा सरकेल असाच बनवलेला असतो. गाडीच्या गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या स्लिप जॉइंटमध्ये (सरकत्या जोडात) तो गाडी चालू असतानाही सरकतो, मोटर आणि गिअरबॉक्सच्या जोडात फक्त बसवताना आणि काढताना. पण धड असलेला, मोकळा जोड हातानं किंवा फार तर साध्या पुलरनं (पंजांनी पकडून स्क्रूनं ओढणारं अवजार) निघायला हवा. निघत नसेल तर त्यामागे ठरलेली चार कारणं असतात. एखादी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), पिन किंवा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) काढायचा राहून गेलाय. दातांवर अजून टॉर्क किंवा वजन आहे. दातांच्या फटीत गंज धरलाय. किंवा दातांना झिजून पायरी पडलीय, नाहीतर शाफ्टच पिळला गेलाय. चारांचे उपाय चार वेगळे आहेत आणि घण त्यांपैकी एकाचाही नाही. हब हललं नाही की जोर वाढवायचा नाही, कारण शोधायचं.

जोड सुटला की आणखी काय सुटतं

माणसं जखमी होतात ती बहुतेक इथे. हॉइस्ट किंवा चढावरचा कन्व्हेयर घ्या. ब्रेक मोटरच्या मागच्या टोकाला असतो, वजन गिअरबॉक्सच्या पुढे, आणि या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे ही स्प्लाइन. मेन स्विच बंद करून कुलूप घातलं, टॅग लावला, सगळं नियमाप्रमाणे झालं. आता मोटर चार बोल्ट काढून मागे ओढली की ब्रेक मोटरसोबत बाहेर आला आणि वजन मोकळं झालं. कुलूप विजेला लागतं, गुरुत्वाकर्षणाला नाही. त्यामुळे आधी हुकावरचं वजन जमिनीवर, कन्व्हेयर रिकामा, आणि ड्रम किंवा पुली पिन घालून वा गुटके लावून यांत्रिकरीत्या अडवलेली हवी.

गाडीचं तसंच. प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर गिअर टाकून ठेवलेला असो की ऑटोमॅटिकमध्ये 'पी' लावलेला, तो फक्त गिअरबॉक्स धरून ठेवतो. चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर असतो तिथे तोही निकामी होतो. शाफ्टचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावायचे.

हायड्रॉलिक पंप किंवा मोटर असेल तर यंत्राचा बूम (हात) आणि बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन्ही दिशांना हलवून अडकलेला दाब सोडा. ॲक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असेल तर तो त्याच्या व्हॉल्व्हनं रिकामा करून गेज शून्यावर आल्याचं डोळ्यांनी पाहा. गळती हात फिरवून शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीच्या आत घुसतं, बाहेर जखम नावाला दिसते आणि आतून हात सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट रुग्णालयात जायचं.

उभे शाफ्ट, म्हणजे मिक्सर, ॲजिटेटर, उभे पंप, वेगळ्या कारणानं धोक्याचे. वरचा नट काढला की शाफ्टला खाली जाण्यापासून अडवणारं काही राहत नाही. नटाला हात लावण्याआधी शाफ्टला खाली क्लॅम्प लावा किंवा चेन ब्लॉकवर वजन घ्या. वजन काढायला बांधकामातल्या सळईचाच हिशेब चालतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. ८० मिमीचा भरीव शाफ्ट मीटरला ३९.५ किलो भरतो. दीड मीटर म्हणजे जवळपास ६० किलो. दोघांनी हातावर तोलायची ही गोष्ट नव्हे.

वीज बंद झाल्याची खात्री टेस्टरनं करायची, पण तीन टप्प्यांत. टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो चालतोय हे पाहा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावा, मग पुन्हा चालू जागेवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर तो तिसऱ्या टप्प्यात कळतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर आतले कपॅसिटर उतरायला वेळ लागतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं. कामावर जितकी माणसं तितकी कुलपं, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात.

आता दातांवर टॉर्क उरलाय का ते बघायची सोपी खूण. कपलिंग हातानं किंचित पुढे-मागे फिरवून पाहा. मोकळ्या जोडात बारीकसा प्ले (मोकळी हालचाल) जाणवतो, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येतो. प्ले अजिबात नसेल तर एका बाजूला ब्रेक आणि दुसऱ्या बाजूला भार अशा कात्रीत शाफ्ट पिळून बसलाय असं समजा आणि तो ताण आधी सोडा. घट्ट फिटमध्ये बसवलेल्या जोडात प्ले मुळातच नसतो, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही. तिथे भाराच्या बाजूचं कपलिंग आधी सोडवलेलं बरं.

खुणा आणि मापं

खोलण्याआधीची दहा मिनिटं परत बसवताना दोन तास वाचवतात. हब आणि शाफ्ट दोन्हींच्या टोकाच्या तोंडावर एकाच रेषेत सेंटर पंचनं टिंब मारा. मार्करची किंवा रंगाची खूण रॉकेलमध्ये धुतली जाते, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. पंच कधीही बेअरिंगच्या बैठकीवर किंवा ऑइल सील जिथे फिरतं त्या पट्ट्यावर मारायचा नाही.

एका दातानं चुकलं तर काय बिघडतं? साध्या हबमध्ये फारसं काही नाही. दोन युनिव्हर्सल जॉइंटच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये मात्र दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुफाटे) ठरलेल्या फेजमध्ये, सहसा एका रेषेत, असावे लागतात, तरच पहिल्या जॉइंटनं केलेला वेगाचा चढउतार दुसरा जॉइंट खोडून काढतो. १६ दातांच्या स्प्लाइनमध्ये एक दात म्हणजे २२.५ अंश. इतक्या चुकीनं गाडी थरथरते, ती थरथर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा येते, आणि मग लोक बॅलन्सिंग करत बसतात. काही शाफ्टवर एक दात मुद्दाम बुजवलेला किंवा रुंद केलेला असतो, तिथे चूक होऊच शकत नाही. पण तसा दात आहे हे गृहीत न धरता पाहून घ्या.

मापं तीन. शाफ्टच्या टोकापासून हबच्या तोंडापर्यंतचं अंतर डेप्थ व्हर्निअरनं; शाफ्टचा लांबीच्या दिशेचा प्ले डायल गेजनं; आणि स्प्लाइनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधला फिरण्याच्या दिशेचा प्ले. बॅकलॅश दातांवर थेट मोजता येत नाही म्हणून हबला एक लांब पट्टी बांधा, शाफ्ट अडवून धरा आणि पट्टीच्या टोकाला डायल लावा. केंद्रापासून २५० मिमीवर टोक २ मिमी हललं आणि स्प्लाइनची त्रिज्या २५ मिमी असेल, तर दातांवरचा प्ले ०.२ मिमी. मोठ्या त्रिज्येवर मोजल्यानं आकडा दहापट मोठा दिसतो आणि चूक तितकीच कमी होते. हा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी झीज किती वाढली हे दुसऱ्या कशावरूनही इतकं नेमकं कळत नाही.

अडकवणाऱ्या गोष्टी

सर्क्लिप दिसते ती काढली जाते. न दिसणाऱ्या घोळ करतात: ग्रीस आणि रंगाच्या थराखाली गेलेला ग्रब स्क्रू, एका ग्रब स्क्रूच्या वर त्याला लॉक करायला टाकलेला दुसरा, हबच्या आतल्या बाजूची दुसरी सर्क्लिप, आरपार रोल पिन. ज्या भोकात ॲलन की जाते त्यात एक स्क्रू निघाल्यावर टॉर्चनं आत बघायचं. दुसरा तिथेच बसलेला असतो.

स्टिअरिंगच्या शाफ्टवर, ट्रॅक्टरच्या पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या) योकवर चिमटा घेणारा क्लॅम्प बोल्ट असतो. तो बऱ्याचदा शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. फटीत पाचर मारून योक पसरवण्याआधी हे तपासा; पाचर जोरात मारली तर योकचा कान तडकतो.

टोकाच्या नटाला टॅब वॉशर (नट फिरू नये म्हणून कान वाकवलेला वॉशर) असेल तर टॅब आधी सपाट करा. नट उलट्या आट्याचा नाही ना, हे दिसणाऱ्या आट्यांवरून ठरवा. नट सुटल्यावर तो पूर्ण काढू नका, चार-पाच आटे परत चढवून ठेवा. पुलरखाली हब अचानक सुटलं तर ते नटाला धडकून थांबतं, पायावर येत नाही. सर्क्लिप काढताना चष्मा हवाच आणि पकडीची टोकं भोकाला नेमकी बसणारी हवीत. झिजलेल्या टोकाची पकड निसटली की सर्क्लिप कुठे जाईल ते सांगता येत नाही.

ओढणं

हब आणि शाफ्ट एका रेषेत असतील तोवरच स्प्लाइन सरकते. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तसं इथे होतं. आडव्या शाफ्टवरून ४० किलोची मोटर मागे ओढताना तिचं वजन जोडावर लटकलेलं असेल तर वरचे-खालचे दात एकमेकांना चावतात आणि मोटर जाम झाल्यासारखी वाटते. तिला स्लिंगनं उचलून धरा, चेन ब्लॉक एकेक कडी वर-खाली करत बघा. योग्य उंचीला ती एका हातानं सरकते. हा क्षण हाताला स्पष्ट कळतो आणि सगळ्या कामात मला हाच सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नेमका पुलर आणला जातो आणि बेअरिंगचा बळी जातो.

वजन तोलूनही हललं नाही तर पुलर. पंजे हबच्या जाड भागामागे बसले पाहिजेत, पुलीच्या किंवा ब्रेक ड्रमच्या कडेला नाही. कास्ट आयर्नची कडा सरळ तुटते. हबला आटे पाडलेली भोकं दिली असतील तर पंजांऐवजी तीच वापरा. तिथे बोल्ट समान ठेवायचे, एका वेळी पाव फेरा, आळीपाळीनं. शाफ्टच्या टोकावर सेंटरचं भोक असतं, त्यात पुलरचं टोक थेट रुतवलं तर ते भोक बिघडतं आणि पुढे शाफ्ट लेथवर धरायची सोय जाते. मध्ये मऊ स्टीलचा किंवा पितळेचा बटण-तुकडा घाला. पुलरच्या आट्यांना ग्रीस लावा, आणि त्याच्या क्षमतेचा आकडा पाहा. पान्ह्याला पाइप लावून ताणलेला १० टनी पुलर १० टनांवर थांबत नाही.

ताणलेल्या पुलरच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहा आणि पंजांभोवती जाड ताडपत्री किंवा साखळी गुंडाळा. ताण दिल्यावर हब स्टीलचं असेल तर त्याच्या अंगावर पितळी हातोड्यानं फिरत फिरत हलके टोले द्या. गंजाची पकड त्यानं सुटते. शाफ्टच्या टोकावर मात्र मारायचं नाही. तो धक्का बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि रेसवर (गोळ्या धावतात त्या कडीवर) बारीक खळगे पाडतो. बेअरिंग फिरतं, लगेच काही कळत नाही, आणि काही आठवड्यांनी गुरगुरायला लागतं.

हब काही मिलिमीटर सरकून ठार थांबलं, तर दातांवर झिजेची पायरी आहे. अशा वेळी हब बॅकलॅशमध्ये उलट बाजूला फिरवा, म्हणजे भार घेणारी झिजलेली बाजू मोकळी होऊन न झिजलेली बाजू टेकेल, आणि तसंच धरून ओढा. बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं. जोर लावला असता तर पायरीनं दोन्हींचे दात ओरबाडले असते.

गंजासाठी पेनिट्रेटिंग तेल आणि वेळ. संध्याकाळी मारून सकाळी ओढणं हे तासभर धडपडण्यापेक्षा स्वस्त पडतं. तरीही नाही, तर उष्णता. उष्णता हबला द्यायची, शाफ्टला नाही, आणि एका जागी ज्योत न धरता सगळीकडून फिरवत. ५० मिमी भोकाचं स्टीलचं हब शाफ्टपेक्षा ८० अंशांनी जास्त तापलं तर भोक सुमारे ०.०४५ मिमीनं मोठं होतं. एवढं पुरेसं असतं. गंमत फरकाची आहे. सावकाश तापवत बसलात तर शाफ्टही गरम होतो आणि फरक उरत नाही.

मर्यादा दोन. साधं नायट्राइल रबराचं सील १०० अंशांच्या आसपास कडक होतं, आणि पृष्ठभाग कडक केलेले दात साधारण २०० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतात. हब निळं पडलं तर त्याचा कडकपणा गेला असं धरा. तापमान मोजायला इन्फ्रारेड गन घेत असाल तर ती चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवते. काळ्या मार्करचा ठिपका करून त्यावर रोखा. तापवण्याआधी पेनिट्रेटिंग तेल पुसा, नाहीतर ते पेटतं. हबला बंद पोकळी आणि आत ग्रीस असेल तर ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) किंवा प्लग आधी काढा. आत कोंडलेली वाफ प्लग गोळीसारखा उडवते. आणि व्हायटॉनचं (फ्लोरिन असलेल्या रबराचं) सील जळून चिकट झालेलं दिसलं तर उघड्या हातानं शिवू नका. त्यातून निघणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत जातं.

बाहेर काढल्यावर काय वाचायचं

धुण्याआधी बघा. लालसर तपकिरी, पावडर-कोकोसारखी भुकटी दातांत असेल तर ते पाणी शिरून आलेल्या गंजापेक्षा वेगळं प्रकरण आहे. भाराखाली दात एकमेकांवर अगदी सूक्ष्म हलतात, पृष्ठभागावरचा थर खरवडला जातो, त्याचा ऑक्साइड होतो आणि तीच भुकटी पॉलिश पेपरसारखं काम करते. कारण कोरडेपणा किंवा सैल फिट.

मग झीज कुठे आहे ते. एकच बाजू चकचकीत असेल तर ठीक, ती भार घेणारी बाजू. सगळ्या दातांची टोकं सारखीच झिजली असतील तर दोन शाफ्ट एका रेषेत नाहीत. चुकीची दिशा जागेवर स्थिर असते आणि प्रत्येक दात तिच्यातून फिरून जातो, म्हणून सगळे झिजतात. काहीच दात झिजले असतील तर दोष शाफ्ट किंवा हबसोबत फिरतोय: वाकलेला शाफ्ट, मध्य सोडून कापलेलं हब. पहिल्यात अलाइनमेंट करायची, दुसऱ्यात भाग बदलायचा. हे न वाचता नवीन हब टाकलं तर तेही त्याच वाटेनं जातं.

दातांलगत सरळ पट्टी लावा. दात एकाच जागी वळलेले दिसले तर शाफ्टनं झेपेल त्यापेक्षा जास्त टॉर्क घेतलाय. तो बदलायचा, सरळ करायचा नाही. पूर्ण लांबीभर एकसारखा वळसा असेल तर ती स्प्लाइन बनवतानाच हेलिकल आहे. दातांची जाडी दोन पिना दातांच्या खोबणीत ठेवून मायक्रोमीटरनं मोजतात. दातांची संख्या विषम असेल तर पिना अगदी समोरासमोर येत नाहीत, हे हिशेबात धरा. पिनेचा व्यास ड्रॉइंगमधला घ्या. डीआयएन ५४८० या जर्मन मानकाच्या खुणेत, उदाहरणार्थ ५० × २ × ३० × २४, अनुक्रमे संदर्भ व्यास, मोड्यूल (दाताचं आकारमान), दाबकोन (दाताच्या बाजूचा कल) आणि दातांची संख्या असते. नग मागवताना हे चार आकडे आणि पुढचं फिटचं अक्षर सांगायचं; फक्त "२४ दातांचा" म्हणून मागवलेला हटकून चुकतो.

भेगा दातांच्या मुळाशी आणि स्प्लाइन जिथे संपते त्या गळ्याशी येतात. डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारून सुमारे १० मिनिटं थांबा, कापडानं पुसा. थेट क्लीनर फवारला तर भेगेतला रंगही धुतला जातो. मग डेव्हलपर, म्हणजे भेगेतला रंग वर ओढणारा पांढरा थर. लाल रेघ उमटली की शाफ्ट भंगारात. तिथे वेल्डिंग करू नये, त्यानं बाजूचा कडक भाग ठिसूळ होतो आणि शाफ्ट पुन्हा तिथेच तुटतो.

नख अडकेल एवढी पायरी असेल तर शाफ्ट आणि हब जोडीनं बदला. जुन्या पायरीवर नवीन हब बसवलं तर भार थोड्याच लांबीवर येतो. दातांवर कानस चालवू नका. कडेची बर (वर आलेली बारीक धार) काढायला ऑइलस्टोन पुरतो.

परत बसवताना

आधी तेल न लावता कोरडं लावून बघा. खुणा जुळवून पूर्ण लांबी हातानं सरकलं तरच पुढे. मग मोलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट ब्रशनं दातांच्या बाजूंवर पातळ, खालचा धातू झाकला जाईल इतकीच. बंद टोकाच्या योकमध्ये ग्रीस भरभरून घातलं तर शाफ्ट आत जाताना पुढे कोंडतं, एकतर प्लग उडतो किंवा जोड पूर्ण बसत नाही आणि बोल्टनं ओढून घ्यावा लागतो. तो "ओढून घेतलेला" जोड चालू झाल्यावर बेअरिंगला ढकलत राहतो. निपल काढून ठेवून बसवा, जास्तीचं ग्रीस तिथून येऊ द्या.

ऑइल सीलमधून स्प्लाइन जाताना दातांच्या धारेनं ओठ कापला जातो. दातांवर पातळ प्लास्टिकची नळी किंवा पुठ्ठ्यासारखी जाड फिल्म गुंडाळा, ग्रीस लावा, शाफ्ट पार गेल्यावर ती ओढून काढा. सर्क्लिप नवीन. तिची एक कडा गोलसर आणि एक धारदार असते. धारदार बाजू भागाकडे नाही, खाचेच्या भिंतीकडे यायला हवी. टॅब वॉशर नवीनच. जुना टॅब दुसऱ्यांदा वाकवला की मुळाशी तुटतो.

डेप्थ व्हर्निअरनं घेतलेलं सुरुवातीचं माप पुन्हा घ्या. अर्धा मिलिमीटर जरी फरक असेल तर काहीतरी मध्ये अडकलंय. हातानं पूर्ण दोन फेरे फिरवून बघितल्यावरच कुलपं काढायची, आणि पहिल्या दिवसाच्या चालीनंतर बंद करून टोकाच्या नटाचा टॉर्क पुन्हा तपासायचा. भाग एकमेकांवर दबून बसतात आणि नट थोडा सैल पडलेला सापडू शकतो.